घर राखणारांचे महाकाव्य

घर सोडून गेलेल्या पुरुषाचा गौरव करावयास आपला समाज सहसा चुकत नाही. घर राखून बसलेल्या माणसांची आठवण मात्र त्यास क्वचितच होते. दिवाळीच्या तोंडावर पुण्या-मुंबईहून हदगावच्या मोटार-स्थानकावर उतरणाऱ्या तरुणाचे जे कौतुक होते, त्याचा शतांश तरी त्याच्या मागे गुरेढोरे, म्हातारी माणसे आणि देणेकऱ्यांचे तगादे सांभाळणाऱ्या त्याच्या पत्नीच्या वाट्यास येतो काय? हा प्रश्न आज आमच्या मनात पुन्हा उभा राहिला तो एका परदेशी आणि अतिप्राचीन काव्याच्या वाचनाने.

ते काव्य म्हणजे ग्रीक महाकवी होमर याच्या नावावर चालत आलेले 'ओडिसी'. चोवीस सर्गांचे आणि बारा हजारांहून अधिक ओळींचे हे काव्य बहुतेक विद्वान ख्रिस्तपूर्व आठव्या-सातव्या शतकांतील मानतात. इथाका नामक बेटाचा राजा ओडिसियस दहा वर्षे ट्रॉयच्या युद्धात आणि पुढली दहा वर्षे समुद्रावरील परतीच्या वाटेत घालवून विसाव्या वर्षी घरी पोहोचतो, ही त्याची कथा. एकाक्ष राक्षसाची गुहा, माणसांची डुकरे करणारी मायाविनी, गाऊन खलाशांस मृत्यूच्या मुखात ओढणाऱ्या जलकन्या, हे प्रसंग आज शाळेतील मुलांसही ऐकून ठाऊक असतात. त्यामुळे हे सारे काव्य प्रवासाच्या चमत्कारांचेच आहे, अशी सार्वत्रिक समजूत झाली आहे. आमच्या मते ही समजूत निम्मीच खरी आहे.

मूळ काव्याची मांडणीच पाहा. पहिले चार सर्ग संपेपर्यंत कवी नायकास आपल्यासमोर आणीतच नाही. तो आपणांस नायकाच्या घरी नेतो. तेराव्या सर्गात ओडिसियस इथाकेस पोहोचतो आणि उरलेला बहुतेक भाग पुन्हा त्या बेटावरच घडतो. म्हणजे निम्म्याहून अधिक काव्य घराचे आहे, समुद्राचे नव्हे.

आणि त्या घराची दशा काय झाली होती? राणी पेनेलोपी हिने पुनर्विवाह करावा म्हणून १०८ सरदारपुत्र तिच्या वाड्यात ठाण मांडून बसले होते. रोज धन्याची गुरे कापावीत, धन्याचे मद्य प्यावे आणि धन्याच्याच नोकरांवर हुकूम चालवावा, असा त्यांचा क्रम. ज्या व्यापाऱ्याने मालक परगावी असताना पेढीवर काय होते हे पाहिले आहे, त्यास हे चित्र समजावून सांगावयास नको. परंतु याहूनही बोलका तपशील दुसऱ्या सर्गात आहे. राजपुत्र टेलेमॅकस सभा बोलावतो, तेव्हा एक वृद्ध उठून सांगतो की, ओडिसियस गेल्यापासून या बेटावर एकही सभा भरलेली नाही. वीस वर्षे गाव एकत्र बसले नाही, कारण एक मोठा माणूस घरी नव्हता! १०८ जणांनी घर खाल्ले याचे नवल नाही; ते खात असता साऱ्या गावाने तोंड मिटून घ्यावे, याचे नवल आहे.

तरीही ते घर बुडाले नाही. कोणी वाचविले? पेनेलोपीने सासऱ्याचे प्रेतवस्त्र विणून होईपर्यंत लग्नास थांबा असे सांगून, दिवसा विणावे व रात्री उसवावे या युक्तीने तीन वर्षे त्या टोळीस झुलविले. युमीअस नामक एका वराहपालाने, जो बालपणी पळवून आणून विकला गेलेला दास होता, रानातल्या खोपटात राहून धन्याचा कळप राखला. आपल्या हिंमतीवर दगडी गोठे बांधले. ६०० माद्या शाबूत ठेविल्या. नर मात्र ३६० उरले, कारण रोज एक वाड्यावर पाठवावा लागे. हिशेब नेमका आहे, आणि तो मागणारा कोणी नव्हता तेव्हाचा आहे. अशा मुनिमास कोणत्या पेढीने डोक्यावर घेऊन नाचू नये?

कोणी म्हणेल, यवनांचे हे काव्य हदगावकरांस कशास? त्यास आमचे उत्तर असे की, हीच गोष्ट आपल्या कीर्तनांतून आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. महाभारताच्या वनपर्वातील दमयंती विदर्भाची कन्या. आणि पैनगंगा ओलांडली की हदगावकर विदर्भातच पाय ठेवतो. पतीने अरण्यात टाकलेली ही स्त्री रडत बसली नाही. तिने दूत पाठविले, नवऱ्याचा माग काढला, दुसऱ्या स्वयंवराची हूल उठवून त्यास सारथ्याच्या वेषात आपल्या दारी आणविले, आणि दासीकरवी परीक्षा घेऊन मगच ओळखले. तिकडे ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात, इकडे नल बाहुकाच्या रूपात. आणि दोन्हीकडे परीक्षा घेणारी पत्नीच. दोन दूरच्या देशांच्या कवींस एकच सत्य दिसले, ते आपण उगाच परके का मानावे?

शिवाय घरी परतणे म्हणजे काय, हे या मुलखास पुस्तकातून शिकावयास नको. १९४७-४८ साली रझाकारांच्या जाचास कंटाळून या भागातील कित्येक कुटुंबे पैनगंगेपलीकडे वऱ्हाडात आसऱ्यास गेली, आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता शरण आल्यावर आपापल्या गावी परतली. जे लढले व जे परतले त्यांचा गौरव झाला, तो योग्यच झाला. परंतु जी म्हातारी माणसे, ज्या बायका मागे राहिल्या आणि ज्यांनी पेरणी चुकू दिली नाही, त्यांची नावे कोणत्या स्तंभावर आहेत?

आजही दसरा झाला की मराठवाड्यातील हजारो ऊसतोड जोडपी उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे राहतात ते आजीआजोबा आणि शाळेत जाणारी पोरे. ओडिसीतही म्हातारा लेअर्टीस शेतावर फाटक्या वस्त्रांत राहतो, आणि नायकाची आई तर पुत्राच्या वाटेकडे डोळे लावूनच प्राण सोडते. ही आई आमच्या तालुक्यात कोणी पाहिली नाही काय?

या काव्यास दोष नाहीत असे आम्ही म्हणत नाही. नायक कॅलिप्सोच्या बेटावर सात वर्षे आणि सर्सीच्या घरी एक वर्ष राहतो, त्याचा जाब त्यास कोणी विचारीत नाही. पत्नीकडून मात्र वीस वर्षांची निष्ठा गृहीत धरली जाते. परतल्यावर सरदारपुत्रांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून बारा दासींस फासावर चढविले जाते. त्या दासी होत्या, त्यांच्या इच्छेस कोणी विचारले असेल काय, हा विचार त्या काळी कोणास शिवला नाही. २०१७ साली एमिली विल्सन या विदुषीचे ओडिसीचे समग्र इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. स्त्रीने केलेले असे ते पहिलेच. त्यात तिने या स्त्रियांस स्पष्टपणे गुलाम म्हटले आहे. आणखी एक प्रसंग पहिल्याच सर्गात आहे. पेनेलोपी चारचौघांत बोलू लागताच तिचाच मुलगा तिला सांगतो, तू आपल्या मागाकडे जा, बोलणे हे पुरुषांचे काम आहे. जिने घर राखले, तिलाच घरात बोलण्याचा अधिकार नाही!

येथेच आमचे आजचे मागणे येऊन ठेपते. ही रीत आपण अडीच हजार वर्षांनंतर मोडली आहे काय? कायद्याने वर्षातून निदान चार ग्रामसभा भराव्यात आणि त्यांपूर्वी स्त्रियांची स्वतंत्र सभा व्हावी, असे ठरवून दिले आहे. कित्येक गावी ती सभा केवळ वहीत भरते, आणि सह्या घरोघर हिंडून गोळा होतात, हे कोणास ठाऊक नाही? दुसरी गोष्ट सातबाराची. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन पत्नीचे नाव जमिनीच्या उताऱ्यावर लावण्याची चळवळ १९९० च्या सुमारास उभी केली, त्यास तीन दशके लोटली. तरी आपल्या पेठेतील व्यापाऱ्यांनी आपल्याच खातेदारांचे उतारे पाहावेत, आणि त्यांत किती स्त्रियांची नावे आहेत हे स्वतःस विचारावे. धनी परगावी, राबणारी घरी, आणि नाव मात्र परगावच्या धन्याचे; अशा स्थितीत कर्ज, पीकविमा वा नुकसानभरपाई यांसाठी ती कोणत्या अधिकाराने दार ठोठावणार?

ओडिसीच्या अखेरीस पेनेलोपी नवऱ्याची शेवटची परीक्षा घेते. आपला पलंग बाहेर आणून टाका, असे ती सहज सांगते. आणि तो संतापून म्हणतो की, जमिनीत रुजलेल्या जैतुनाच्या खोडाचाच पाय करून मी तो घडविला आहे, तो हलेल कसा? ही खूण त्या दोघांस व एका विश्वासू दासीसच ठाऊक होती, आणि तिच्यावरूनच घर पुन्हा उभे राहिले. खूण दोघांची, म्हणून घरही दोघांचे.

तेव्हा येत्या दिवाळीस जे तरुण परगावाहून हदगाव तालुक्यात आपापल्या घरी येतील, त्यांस आमची एवढीच विनंती आहे. कपडे व मिठाई अवश्य आणावी. पण सुट्टी संपण्यापूर्वी एक दिवस तलाठ्याच्या कचेरीत जाऊन, जिने घर राखले तिचे नाव घराच्या कागदावर लावण्याचा अर्ज द्यावा. घरी परतणे तेथे पुरे होते.