नाव न घेणारी गाणी

ऐंशीच्या दशकातील जपानी गाण्यांचे सध्या जगभर नव्याने कौतुक होत आहे. ‘सिटी पॉप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संगीतातील कित्येक गाणी मुळात दूरचित्रवाणीवरील जाहिरातींतून घरोघरी पोहोचली, हे कळल्यावर नव्या श्रोत्याची प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते: ‘पण यात मालाचे नाव तर कुठेच नाही!’ पाठोपाठ निष्कर्षही येतो, की जपानी कंपन्या कलावंताला पूर्ण मोकळीक देत असत. हा निष्कर्ष घाईचा आहे. प्रस्तुत धाग्याचा विषय तेच न घेतलेले नाव.

प्रारंभ रेडिओपासून करावा लागतो. १ सप्टेंबर १९५१ रोजी जपानमध्ये खासगी व्यापारी रेडिओ सुरू झाला आणि त्याच महिन्यात एक गाणे प्रसारित झाले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘मी हौशी छायाचित्रकार’. रचना मिकी तोरिरो यांची, गायक हाइदा कात्सुहिको, आणि प्रायोजक कोनिशिरोकु, म्हणजे पुढील काळातील ‘कोनिका’. जपानमधील पहिले जाहिरातगीत म्हणून याच गाण्याचा उल्लेख होतो. गंमत अशी की फिल्म विकणाऱ्या कंपनीचे हे गाणे एका हौशी माणसाच्या फसलेल्या फोटोंची थट्टा करते आणि कंपनीचे नाव त्यात एकदाही येत नाही.

अर्थात सगळीच गाणी अशी संकोची नव्हती. नावाचा घोष करणारी जाहिरातगीते तिथेही भरपूर झाली. परंतु नाव गाळण्याचे व्यावहारिक फायदे लवकरच स्पष्ट झाले. जपानची सार्वजनिक प्रसारणसंस्था एनएचके जाहिराती घेत नाही आणि व्यापारी नावांबाबत काटेकोर असते. १९७८ साली यामागुची मोमोए हिच्या एका गाण्यातील ‘पोर्शे’ या शब्दाच्या जागी एनएचकेच्या कार्यक्रमात नुसती ‘गाडी’ आली, ती याचमुळे. आणि ते तर जाहिरातगीतही नव्हते! उलट ज्या गाण्यात मुळातच नाव नाही, ते जाहिरातीत वाजू शकते, दुकानात तबकडी म्हणून विकले जाते आणि एनएचकेवरही गायले जाते. गाळलेले नाव म्हणजे सर्वत्र प्रवेशाचा परवाना होता.

१९७३ चे ‘हिताची’ समूहाचे गाणे यासाठी ऐकावे. संगीत कोबायाशी आसेइ यांचे, शब्द इतो आकिरा यांचे. गाणे केवळ एका अनोळखी झाडाविषयी कुतूहल व्यक्त करते; पडद्यावर मात्र समूहातील कंपन्यांच्या नावांची लांबलचक यादी सरकत राहते. १९७५ पासून त्यात दिसू लागलेले झाड हवाई बेटांवरील, होनोलुलूच्या मोआनालुआ उद्यानातले. मुंबईच्या रस्त्यांवर छत्रीसारखे पसरलेले पर्जन्यवृक्ष, म्हणजे आपले ‘रेन ट्री’, ते याच जातीचे.

खरी चुरस सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात झाली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात शिसेइदो आणि कानेबो या दोन कंपन्या प्रत्येक ऋतूला नवी मोहीम आणि नवे गाणे घेऊन उतरू लागल्या. १९७८ च्या उन्हाळ्यात शिसेइदोने रॉक गायक याझावा एइकिची यांचे गाणे आणले, ते ओरिकॉनच्या विक्रीयादीत अग्रस्थानी गेले. त्याच उन्हाळ्यात कानेबोचे गाणे ‘सर्कस’ या गायकवृंदाने गाजवले. शरदात शिसेइदोसाठी होरिउची ताकाओ यांनी गायलेल्या गाण्याचे शीर्षक होते ‘तुझे डोळे दहा हजार व्होल्ट’. हे शीर्षक म्हणजेच डोळ्यांच्या प्रसाधनाच्या मोहिमेचे घोषवाक्य! गाणे गुणगुणणारा प्रत्येक जण नकळत जाहिरातीचे वाक्य उच्चारत होता. नाव गाळले होते, जाहिरात नव्हे. कलावंताच्या स्वातंत्र्याविषयी बोलताना हे एक शीर्षक तरी विसरू नये.

चेहरा आणि आवाज यांची फारकतही याच व्यवहारातली. १९८० साली मात्सुदा सेइको हिचे पहिले गाणे शिसेइदोच्या ‘एकुबो’ या चेहरा धुण्याच्या प्रसाधनाच्या जाहिरातीत वाजले. ‘एकुबो’ म्हणजे गालावरची खळी. सेइकोच्या गालावर खळी पडत नव्हती, म्हणून पडद्यावर दुसरीच मुलगी झळकली आणि सेइकोचा फक्त आवाज राहिला. पुढे त्या दशकातील सर्वांत मोठ्या ताऱ्यांपैकी एक ठरली, ती मात्र आवाजाची मालकीण.

या व्यवहाराची किंमत सर्वांत स्पष्ट दिसते ती यामाशिता तात्सुरो यांच्या ‘ख्रिसमस ईव्ह’ या गाण्यात. १९८० साली मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीत ते स्वतः दिसले होते आणि त्यातूनच त्यांचे पहिले मोठे यश आले होते, म्हणजे या वाटेचे ते अनोळखी नव्हते. ‘ख्रिसमस ईव्ह’ प्रसिद्ध झाले १९८३ मध्ये. त्यातला माणूस जिची वाट पाहतो ती बहुधा येणारच नाही, हे त्याला ठाऊक आहे. १९८७ मध्ये जपानच्या राष्ट्रीय रेल्वेचे विभाजन व खासगीकरण झाले आणि तोकाइदो शिनकान्सेन जेआर तोकाइ कंपनीकडे आली. १९८८ च्या नाताळात या कंपनीच्या जाहिरातीत हेच गाणे वाजले. त्या जाहिरातीत स्टेशनवर वाट पाहणाऱ्या तरुणीला तिचा प्रियकर भेटतो! १९८९ च्या डिसेंबरात, प्रसिद्धीनंतर सहा वर्षांनी, गाणे विक्रीयादीत पहिले आले. विरहाचे गाणे साठ सेकंदांच्या चित्रांनी पुनर्भेटीचे करून टाकले. जाहिरात सुंदर होती, हे मान्य करायला हवे. पण गाण्याचा अर्थ बदलण्यासाठी त्यातला एकही शब्द बदलावा लागला नाही, हे अधिक अस्वस्थ करणारे आहे.

नव्वदच्या दशकात हा व्यवहार उद्योगाचा कणाच झाला. क्रीडापेये, स्कीचे साहित्य, मोटारी, सर्वांना गाणी हवी होती. पंधरा सेकंदांच्या जाहिरातीत बसायचे तर धृपद पहिल्या सुरापासून पकड घेणारे हवे, आणि त्या काळातील अनेक गाणी थेट धृपदानेच सुरू होतात. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत गायकाचे व गाण्याचे नाव झळके. तबकडीच्या दुकानात जाण्यासाठी तेवढे पुरे होई.

११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर कंपन्यांनी जाहिराती मागे घेतल्या. रिकाम्या वेळेत एसी जपान या संस्थेचे जनहितार्थ संदेश इतक्या वेळा दाखवले गेले की त्यांच्या शेवटी वाजणाऱ्या छोट्या सुरावटीविरुद्ध तक्रारी आल्या आणि ती बंद करावी लागली. एप्रिलमध्ये सनटोरी या पेयकंपनीची जाहिरात आली. अनेक कलावंत एकामागून एक साकामोतो क्यू यांची साठच्या दशकातील दोन गाणी गात होते. पेयाची बाटली नाही, विक्रीचा शब्द नाही. कंपनीचे नाव मात्र होते.