जुना कॅमेरा, पण वरच्या श्रेणीचा

आपल्या वस्त्यांतून फोटोची हौस असलेली मुलं-मुली आता पुष्कळ दिसतात. कुणी पहिल्या पगारातून, कुणी आईच्या भिशीच्या पैशातून साधासा डीएसएलआर घेतलेला असतो. वर्ष-दोन वर्षं हात बसला की तक्रारी सुरू होतात. नामकरणाचे फोटो हलले, समाजमंदिराच्या हॉलमधले काळे आले, १४ एप्रिलच्या रात्री मिरवणुकीत फोकसच लागेना. मग घरात मोठ्या कॅमेऱ्याचा विषय निघतो. नवा परवडत नाही, म्हणून सेकंडहँड. वडील म्हणतात, आहे त्याला काय झालंय? आई काहीच बोलत नाही, कारण भिशीचा पुढचा नंबर तिचा आहे आणि त्या पैशांवर तिने पत्रे बदलायचा बेत केलेला आहे.

तेव्हा पत्रे आधी की कॅमेरा आधी, हे ज्याच्या त्याच्या घराने ठरवावे. पण कॅमेरा घ्यायचाच ठरला तर पैसा कुठे घालावा, एवढे आम्ही सांगू शकतो.

एकच उदाहरण घेऊ. निकॉनचा डी ३१०० हा कॅमेरा २०१० साली आला. शिकाऊ माणसासाठी बरा, सोबत १८-५५ ची लेन्स. कित्येकांची सुरुवात त्यावर झाली. त्याच वर्षी त्याच कंपनीने डी ७००० हा वरच्या श्रेणीचा कॅमेरा काढला. तेव्हा त्याच्याकडे आपण दुकानाच्या काचेतूनच बघत होतो. आज तोच जुन्या बाजारात एखाद्या मध्यम मोबाइलच्या पैशात मिळू शकतो. याचे कारण असे की, २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोन्ही कंपन्यांनी आरसा नसलेले मोठ्या सेन्सरचे कॅमेरे आणले आणि धंदेवाईक फोटोग्राफर हळूहळू तिकडे वळले. त्यांनी विकलेले आरशाचे कॅमेरे बाजारात आले. कॅमेरा वाईट झाला म्हणून विकला, असे दर वेळी नसते.

दुकानदार पहिल्यांदा मेगापिक्सेल सांगेल. त्याला भुलू नये. डी ३१०० चे १४, डी ७००० चे १६. २०१२ साली आलेल्या डी ३२०० चे तर २४, तरी तो शिकाऊ श्रेणीतलाच. अल्बममधला चार बाय सहा इंचाचा फोटो उत्तम छापायला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, आठ बाय बाराला नऊच्या आत भागते. भिंतीएवढे पोस्टर आपल्यापैकी किती जण काढतात?

फरक आहे तो दुसरीकडे. डी ७००० च्या डोळ्यात जेवढे दिसते तेवढेच फोटोत येते. डी ३१०० मध्ये सुमारे ९५ टक्केच दिसते, म्हणून कडेला कुणाचा तरी कोपर नंतर सापडतो. फोकसचे ठिपके ११ ऐवजी ३९. शटर आणि छिद्र यांना दोन वेगळी चाके, मेनूत शिरावे लागत नाही. कार्डाच्या जागा दोन, म्हणजे एक कार्ड बिघडले तरी कुणाच्या मंगल परिणयाचे फोटो बुडत नाहीत. आणि मुख्य म्हणजे त्याच्या पोटात फोकसची मोटर आहे, जी डी ३१०० मध्ये नाही. त्यामुळे जुन्या, स्वस्त ‘डी’ लेन्स त्यावर आपोआप फोकस होतात. घरात एखाद्या काकांचा फिल्मचा निकॉन असेल आणि त्याची लेन्स जुन्या ‘एआय’ जातीची असेल, तर तीही यावर चालते. फोकस हाताने करावा लागतो, पण उजेड कॅमेरा मोजून देतो.

हे सगळे खरे असले तरी आमचे मत विचाराल तर पहिला खर्च बॉडीवर करू नये, लेन्सवर करावा.

१८-५५ ची लेन्स ३५ वर ठेवली की तिचे छिद्र जास्तीत जास्त सुमारे एफ ४.५ पर्यंत उघडते. ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स तिच्या सहापट उजेड आत घेते. जिथे शटर सेकंदाच्या पंधराव्या भागाइतके सावकाश चालवावे लागत होते आणि हात हलला की फोटो गेला, तिथे ते शंभराव्या भागावर नेता येते. माणूस हलला तरी चालतो. निकॉनची ही लेन्स २००९ साली आली, तिला स्वतःची मोटर आहे. म्हणजे ती डी ३१०० वरही पूर्ण चालते आणि पुढे बॉडी बदलली तर तिच्याबरोबर जाते. ५० ची लेन्स घ्या असे पुष्कळ जण सांगतात. ती चांगली आहे, पण आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत ५० लावून मागे सरकत गेले की पाठ भिंतीला लागते आणि समोर फक्त चेहरा उरतो. ३५ बरी.

शिवाय फ्लॅश लागत नाही. विहारात मंडळी हात जोडून पंचशील घेत असताना तोंडावर फ्लॅश मारणारा फोटोग्राफर कुणाला आवडतो? ट्यूबलाइटखाली शटर मात्र सेकंदाच्या शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर ठेवावे. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवा सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होतो, आणि शटर त्याहून वेगवान ठेवले की फोटोत उजेडाचे पट्टे येऊ शकतात.

या लेन्सवर सहा महिने फोटो काढावेत. तरीही रात्रीच्या मिरवणुकीत फोकस अडत असेल किंवा शेजारीपाजारी पैसे देऊन बोलावू लागले असतील, तर डी ७००० घ्यावा. फोटो फक्त मोबाइलवर पाहून पुढे पाठवायचे असतील तर मुळीच घेऊ नये.

घ्यायला जाल ते दिवसा जा, आणि स्वतःची लेन्स, स्वतःचे कार्ड खिशात ठेवा. मुंबईकरांना फोर्टातला बोरा बाजार ठाऊकच आहे. कॅमेऱ्यांची विक्री-दुरुस्ती तिथे जुनी आहे. बिल मागा आणि बिलावरचा नंबर बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. बिल नाही म्हणून स्वस्त देतो म्हणाला तर तिथूनच परता. चोरीचा माल निघाला तर पोलीस चौकीच्या फेऱ्या आपल्या नशिबी येतात, दुकानदाराच्या नव्हे.

शटर किती वेळा चालले ते निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेले असते. आपल्या कार्डावर एक फोटो काढून तो संगणकावर उघडायचा, ही नोंद वाचणारे फुकट प्रोग्रॅम आहेत. (कॅननच्या बऱ्याच मॉडेलांत ही नोंद फाइलमध्ये सापडत नाही.) डी ७००० चे शटर कंपनीने दीड लाख वेळा चालवून तपासलेले आहे. एका लग्नात हजार-दीड हजार फोटो सहज निघतात, तेव्हा ‘एकाच हाताचा आहे साहेब’ यावर न जाता आकडा पाहावा. पन्नास हजारांच्या आत असेल तर आमच्या मते उत्तम, लाखाच्या वर असेल तर किंमत तशी पाडून मागावी.

नंतर छिद्र एफ १६ वर ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून आकाशाचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती साफ होते, पण साफसफाईचे पैसे भावातून वळते करावेत. ओरखडा असेल तर सोडून द्यावा. खालच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील तर कॅमेरा उघडला गेला आहे, का ते विचारा. मेनूत बॅटरीची माहिती मिळते, तिथे वय ० ते ४ असे दाखवतात. ० म्हणजे नवी, ४ म्हणजे संपत आलेली. डी ३१०० ची जुनी बॅटरी यात बसत नाही हेही ध्यानात ठेवा, म्हणजे चार्जरसकट मागून घ्याल.

लेन्स घेताना मागून बॅटरीचा उजेड मारून पुढून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात ठेवलेल्या लेन्सना ती हमखास धरते आणि काचेवरचा लेपच खाते. पुसली तरी डाग उरू शकतो. अशी लेन्स फुकट मिळाली तरी नको.

आणि आपली लेन्स घरी आली की तिला चामड्याच्या पिशवीत कोंडू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, एवढे पुरते. निळे दाणे गुलाबी झाले की ओल भरली असे समजून पुडी बदलावी. ते दाणे स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नयेत, त्यातले रसायन पोटात जाण्याजोगे नाही.

राहिला जुना डी ३१००. दुकानदार अदलाबदलीत त्याचे जे देतो ते ऐकून वाईट वाटते. त्यापेक्षा १८-५५ सकट तो धाकट्या बहिणीच्या हातात द्या. आपल्याकडे कित्येक घरांत आजीचा एकच फोटो असतो, तोही ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. आजी दुपारी दारात तांदूळ निवडत बसते तेव्हा तिथे भरपूर उजेड असतो, त्याला हा कॅमेरा आणि ही लेन्स चांगली पुरते.