रहस्यकथा अवश्य वाचा



"मराठीचे पुस्तक काढा" असे म्हटले की वर्गातील अनेकांचे चेहरे उतरतात. घरी उर्दू, शाळेत उर्दू आणि मराठीचे मात्र आठवड्याला मोजकेच तास. त्यामुळे मराठी म्हणजे व्याकरण, निबंध आणि परीक्षेतील गुण, एवढेच तुमच्या मनात राहते. "अवांतर वाचन करा," असे शिक्षक सांगतात. तुम्ही मान डोलावता आणि विसरून जाता. म्हणून आज मी तुम्हांला जरा वेगळा सल्ला देणार आहे. तुम्ही मराठीतील रहस्यकथा, भयकथा आणि चित्रकथा वाचा.

तुम्हांला आश्चर्य वाटेल. शिक्षक असून हे काय सांगतात, असेही कोणी म्हणेल. पण विचार करून पाहा. परक्या भाषेतील पुस्तक आपण अर्ध्यावर का टाकतो? एखादा शब्द अडतो, मग दुसरा अडतो आणि कंटाळा येतो. रहस्यकथेत तसे होत नाही. बंद खोलीत माणूस मेला कसा, रात्री जिन्यावर पावले कोणाची वाजली, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. अडलेला शब्द ओलांडून आपण पुढे जातो. चार पाने वाचून होतात, तोच शब्द पुन्हा भेटतो आणि या वेळी त्याचा अर्थ आपोआप कळतो. शब्दकोश चांगलाच आहे. पण उत्सुकता ही त्याहून मोठी शिक्षिका आहे.

उर्दू वाचकांना हे नव्याने सांगायला नको. इब्ने सफी यांचे नाव तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ते अलाहाबादला शाळेत शिकवत असत. १९५२ साली त्यांनी 'जासूसी दुनिया' ही मालिका सुरू केली आणि कर्नल फरीदी व कॅप्टन हमीद ही जोडी घरोघरी पोचली. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. १९५५ पासून त्यांची 'इमरान' मालिका निघू लागली. १९८० साली ते वारले. त्यांच्या कादंबऱ्यांसाठी कितीतरी लोकांना उर्दू वाचनाची गोडी लागली. जे उर्दूत झाले, ते मराठीत का होऊ नये?

आता एक गंमत सांगतो. सर्व प्रकारच्या मराठी पुस्तकांत रहस्यकथेची भाषा तुम्हांला सर्वांत जवळची वाटेल. जुन्या काळी दरबार आणि कचेरी यांत फारसीचा वापर होता. त्यामुळे पोलीस आणि न्यायालय यांच्या मराठीत फारसी-अरबी शब्द पुष्कळ आले. वकील, कैदी, हवालदार, गुन्हेगार, फरारी, कबुली, जप्ती, दस्तऐवज हे शब्द पाहा. यांतील किती शब्द तुम्हांला शिकवावे लागतील? मात्र थोडे सावध राहा. काही शब्दांनी मराठीत येऊन अर्थ बदलला आहे. उर्दूत 'गुनाह' म्हणजे पाप. मराठीत 'गुन्हा' म्हणजे कायद्याने शिक्षा होईल असे कृत्य. उर्दूत 'खून' म्हणजे आधी रक्त. मराठीत 'खून' म्हणजे कत्ल. उर्दूत 'फरियाद' म्हणजे गाऱ्हाणे. मराठीत 'फिर्याद' म्हणजे पोलिसांत किंवा न्यायालयात केलेली तक्रार.

हे शब्द केवळ गोष्टीपुरते नाहीत. उद्या तुम्ही मोठे व्हाल. घरात चोरी झाली तर पोलीस ठाण्यात जावे लागेल. रस्त्यावर अपघात पाहिला तर पंचनाम्यावर सही मागितली जाईल. तो कागद मराठीत असेल. ज्याला फिर्याद, जबाब आणि जामीन यांतील फरक कळत नाही, तो न वाचता सही करतो. ज्याला कळतो, तो आधी कागद वाचतो. एवढा मोठा फायदा गोष्ट वाचता वाचता होत असेल, तर तो का सोडावा?

मग सुरुवात कोठून करावी? प्रथम भा. रा. भागवत यांचा 'फास्टर फेणे' घ्या. फुरसुंगीचा हा बनेश फेणे पुण्याच्या शाळेत शिकतो आणि संकट दिसले की मागे हटत नाही. भाषा सोपी आहे, वाक्ये लहान आहेत. त्यानंतर सत्यजित राय यांच्या 'फेलूदा'च्या कथा वाचा. मूळ बंगाली कथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. बाबूराव अर्नाळकर यांनी तर हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड एके काळी मराठी घरांत फार लोकप्रिय होते. थोडे मोठे झाल्यावर, म्हणजे नववी-दहावीत, नारायण धारप यांच्या भयकथा आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा हाती घ्या.

चित्रकथा आवडत असतील तर रद्दीच्या दुकानात जुनी 'इंद्रजाल कॉमिक्स' शोधा. ती १९६४ ते १९९० या काळात निघत असत आणि मराठीतही येत असत. त्यांतील वेताळ परदेशी होता. पण १९७६ साली आलेला 'बहादूर' आपल्या मातीतला. तो आबिद सुरती यांनी निर्माण केला. दरोडेखोराचा मुलगा असूनही बहादूर दरोडेखोरांविरुद्ध उभा राहतो. चित्रे असल्यामुळे न समजलेला संवादही समजतो.

"अशा पुस्तकांनी मुले बिघडतात," असे तुमचे अम्मी-अब्बा म्हणतील. त्यांची काळजी खोटी नाही. सगळीच पुस्तके चांगली नसतात. निव्वळ रक्तपात आणि अश्लीलता विकणारी पुस्तकेही असतात. ती ओळखण्याची सोपी कसोटी सांगतो. वाचलेली गोष्ट रात्री जेवताना सर्वांसमोर सांगता येईल का? येत असेल तर पुस्तक वाचा. सांगायची लाज वाटत असेल तर ते परत करा.

दुसरी शंका भुताखेतांची. भयकथा वाचून अंधश्रद्धा वाढेल का? गोष्टीतले भूत पुस्तक मिटले की पानांतच राहते. खरा धोका असतो तो भूत उतरवतो असे सांगून मारहाण करणाऱ्या आणि पैसे उकळणाऱ्या भोंदूंचा. अशा प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ साली कायदा झाला आहे. उलट चांगली रहस्यकथा आपल्याला पुरावा मागायला शिकवते. कोणी काही सांगितले की "हे कशावरून?" असे विचारण्याची सवय लावते. ही सवय विज्ञानाच्या तासालाही उपयोगी पडते.

तेव्हा मित्रांनो, या आठवड्यात शाळेच्या ग्रंथालयातून एक मराठी रहस्यकथा घ्या. रोज फक्त दहा पाने वाचा. एक लहान वही जवळ ठेवा आणि रोज पाच नवे शब्द लिहा; शेजारी त्यांचा उर्दू अर्थही लिहा. पुस्तक संपले की मित्राला द्या, पण गुन्हेगार कोण ते त्याला सांगू नका. ते त्याचे त्यालाच मराठीतून शोधू द्या.