उसाच्या नोंदीतून अख्खं ॲप कसं उभं राहतं?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला यांनी बारामतीच्या ऊस शेतकऱ्यांचा व्हिडिओ शेअर केला. त्यावर इलॉन मस्क यांचीही प्रतिक्रिया आली आणि चर्चा झाली ती एआयची. पण सल्ला एआयचा असो वा कृषी सहाय्यकाचा, तो ॲपवर द्यायचा तर आधी संगणकाला एक गोष्ट सांगावी लागते: उसाचा प्लॉट म्हणजे नेमकं काय?

याच वर्णनाला प्रोग्रामर 'मॉडेल' म्हणतात.

समजा, माळेगाव, सोमेश्वर किंवा इंदापूरच्या छत्रपती, कर्मयोगीसारख्या कारखान्यासाठी ऊस नोंदीचं ॲप बनवायचंय. नोंदीत काय असतं? शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागवडीची तारीख. पूर्वी हेच रकाने डेटाबेसमध्ये, फॉर्ममध्ये, तपासणीच्या कोडमध्ये असे पुन्हा पुन्हा लिहावे लागत. एका ठिकाणी बदल केला आणि दुसरीकडे राहिला की गोंधळ ठरलेला.

यावर तोडगा जुनाच आहे. २००४ मध्ये 'रेल्स' आलं, २००५ मध्ये 'जँगो'. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्राच्या वेब टीमने घडवलं, म्हणजे बातमीची डेडलाइन डोक्यावर असणाऱ्या लोकांनी. यात मॉडेल बॅकएंडला एकदाच लिहायचं. त्यावरून डेटाबेसचा तक्ता तयार होतो, फॉर्म निघतो, 'क्षेत्रात आकडाच हवा' ही तपासणी होते, ऑफिससाठी ॲडमिन पॅनलही मिळतं. मोबाईल ॲपला डेटा देणारी एपीआयसुद्धा जोड-लायब्ररी वापरून त्याच मॉडेलवरून काढता येते. शेतकऱ्याला दिसणारी स्क्रीन मात्र बहुतेकदा नीट बसून बनवावी लागते. तिथे शॉर्टकट चालत नाही.

धोकाही इथेच आहे. मॉडेल चुकलं तर चूकही सगळीकडे एकदमच पोचते.

पुण्यात बसलेल्या प्रोग्रामरने 'एक गट नंबर, एक शेतकरी' असं लिहिलं असं धरा. सातबाऱ्यावर तीन भावांची नावं असतील, तर दुसऱ्या भावाची नोंद वेबवरही होणार नाही आणि मोबाईलवरही. खोडव्याचं तर त्याहून अवघड. त्याचं वय मोजतात मागच्या तोडणीपासून. मॉडेलमध्ये लागवडीची तारीख सक्तीची असेल, तर नोंद घेणारा काहीतरी तारीख टाकून मोकळा होतो. मग त्याच तारखेवर तोडणीचा क्रम लागला, तर कुणाचा ऊस आधी तुटणार आणि कुणाचा शेतातच वाळणार, हे त्या खोट्या तारखेवर ठरतं.

आणखी एक आळशी सवय म्हणजे कोडमध्ये 'सगळे रकाने दाखव' लिहून टाकणं. उद्या त्याच मॉडेलमध्ये बँक खाते क्रमांकाचा रकाना वाढवला, की तोही गुपचूप एपीआयमधून बाहेर जायला लागतो.