दगडू म्हटल्यावर हसणारे

टोमॅटोचा भाव, रात्रीची वीज, बिबट्याची दहशत, या भागात चिडायला कारणं कमी पडत नाहीत. तरी या आठवड्यात प्रस्तुत लेखकाला चीड आली ती एका हसण्याची.

येडगाव-नारायणगाव पट्ट्यातल्या एका सेवा केंद्रावर शेतकरी ओळख क्रमांकासाठी रांग लागली होती. आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नसलेली बरीच मंडळी हातातले कागद उलटेपालटे करत उभी होती. संगणकावरच्या पोराने एका आजींचं नाव मोठ्याने वाचलं. धोंडा, दगड या अर्थाचं जुनं नाव. पुढच्या दोघांना हसू फुटलं, मग मागच्या चौघांना. पोराने तेच नाव पुन्हा घेतलं, या वेळी जरा लांबवून. आजींनी पदर सावरला, यंत्रावर अंगठा ठेवला आणि कुणाकडेही न बघता बाहेर पडल्या. ते नाव इथे छापणार नाही. एकदा झालं तेवढं पुरे.

हसणाऱ्यांतला एकही जण पंचविशीच्या पुढचा नव्हता. या नावांमागे काय असायचं हे त्यांना घरात कुणी सांगितलेलं दिसत नाही. देवी, पटकी, तापाने एकामागून एक लेकरं जायची, त्या काळात पुढच्या मुलाचं नाव मुद्दाम हलकं ठेवत. दगडू, धोंडू, केरू, भिकू, उकिरडा. कुणाची नजर लागू नये, मरणाने हे पोर टाकाऊ समजून पुढे निघून जावं, एवढीच आस. गालावर काजळाची तीट लावतात ना, तशी आईने नावालाच लावलेली ती तीट होती. तिच्यावर हसणं म्हणजे त्या बाईच्या धास्तीवर हसणं.

आणि ही नावं काय कमी मानाची झाली? पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे हात जोडताना रोज हजारो माणसं 'दगडू' हा शब्द उच्चारतात, तेव्हा कुणाला हसू येत नाही. 18 एप्रिल 1858 रोजी जन्मलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, महिला विद्यापीठ उभारलं. वयाची शंभरी गाठली त्या 1958 साली त्यांना भारतरत्न मिळालं आणि त्यानंतरही चार वर्षं ते जगले. नावात धोंडा होता.

पण सगळ्याच दगडूंच्या नावाला तीट म्हणून चालणार नाही. ते सोपं आणि खोटं होईल. नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, राग निवळला नाही की लेखक पुस्तकांच्या कपाटाकडे वळतो. त्या संध्याकाळी हाताला दया पवारांचं 'बलुतं' लागलं. पवारांचं गाव धामणगाव, अकोले तालुका. म्हणजे ओतूरकडून ब्राह्मणवाड्याचा घाट चढला की पलीकडचा मुलूख, आपला शेजार. त्यांचं पाळण्यातलं नाव दगडू. दगडू मारुती पवार.

महारवाड्यातल्या पोरांची नावं अशी का, याचं उत्तर फक्त बालमृत्यूत सापडत नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात लिहूनच ठेवलं आहे की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं आणि शूद्राचं नाव तिरस्कार वाटेल असं. नावाची हाक ऐकताच माणसाची पायरी कळावी, अशी ती व्यवस्था. अंगाला लावायच्या डागासारखी. हजेरीत नाव पुकारलं की वर्गातल्या पोरांनी वळून बघायचं, ही शिक्षा किती पिढ्यांनी भोगली असेल! सेवा केंद्रातलं परवाचं हसू त्याच वर्गातून आलेलं आहे.

दगडूचे दया झाले. कवी दया पवार, पुढे पद्मश्री. अनेकांनी असं नवं नाव घेतलं आणि जुनं कायमचं पुरून टाकलं. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पवारांनी मात्र 1978 साली 'बलुतं' लिहिताना एक विलक्षण गोष्ट केली. पुस्तकात त्यांनी दगडू मारुती पवारला समोर बसवलं आणि बोलू दिलं. शहरातला, शिकलेला, पांढरपेशा दया ऐकतो आहे आणि दगडू सांगतो आहे, महारवाडा, मुंबईतला कावाखाना, आई, भूक, लाज, सगळं. माणूस एकच, नावं दोन, आणि लाज वाटायची त्या नावाच्या तोंडी सगळं सत्य दिलेलं. मराठीत स्वतःच्या नावाशी इतक्या धीटपणे कुणी बोललेलं लेखकाला माहीत नाही.

स्वतः निवडलेल्या नावात बळ असतं. साताऱ्यात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली म्हणून ज्यांचं नाव 'नकुशा' ठेवलं, अशा 285 मुलींचं 22 ऑक्टोबर 2011 रोजी जिल्हा परिषदेने बारसं केलं. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी सिनेमातल्या नटीचं. नटीचं नाव घेतलं म्हणून तेव्हाही काहींनी नाकं मुरडली होती. का मुरडावीत? दहा-पंधरा वर्षं 'नको असलेली' या नावाने हाक ऐकलेल्या पोरीला सुंदर वाटेल ते नाव तिने घ्यावं.

एरवी आपल्याकडे दुसऱ्या नावाचं कुणाला वावडं नाही. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव, घरातलं लाडाचं 'बाळ' जगाने उचललं. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात 7 नोव्हेंबर 1900 रोजी बाबासाहेबांचं नाव लिहिलं गेलं ते भिवा. नारायणगावच्या बाजारात आडत्याच्या पट्टीवर बापू, तात्या, आण्णा असंच चालतं. लग्नपत्रिकेत 'उर्फ' नसेल तर निम्म्या गावाला नवरदेव कोण हे कळणार नाही.

आता गावाचाच विषय निघाला म्हणून सांगायला हवं. लेखकाच्या गावालाही हे भोग आहेत. पुण्यात किंवा मुंबईत 'कुठले?' या प्रश्नाला 'येडगाव' म्हटलं की समोरचा गालात हसतो. मग हमखास विचारतो, 'वेड घेऊन पेडगावला जायचं, ते हेच का?' ते हे नव्हे. पेडगाव श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथे बहादूरगड आहे. मराठ्यांनी बहादूरखानाला हुलकावणी देऊन तिथला खजिना आणि घोडे नेले, अशी कथा सांगतात. येडगाव इकडे जुन्नर तालुक्यात, कुकडीवर.

आणि 'येडं' या शब्दाचीही एवढी लाज वाटायचं कारण नाही. येरमाळ्याच्या देवीचं नावच येडेश्वरी, चैत्री पौर्णिमेला तिथे रस्ते माणसांनी भरून जातात. त्या गर्दीत तिच्या नावाला कुणी हसत नाही.

येडगावच्या धरणाचं काम बघा. कुकडी प्रकल्पाची धरणं पाच. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, एवढंच काय, आंबेगावातल्या डिंभ्याचं पाणीही कालव्याने येडगावात येतं. इथून कुकडीचा डावा कालवा निघतो तो पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत. पेडगावच्या तालुक्यातला ऊस, कांदा या पाण्यावर उभा राहतो. आवर्तनाच्या दिवसांत तिकडचा शेतकरी 'येडगावातून पाणी सुटलं का?' असं रोज विचारतो आणि विचारताना त्याच्या आवाजात नुसती आस असते. लेखकाने ती पारनेरच्या एका चहाच्या टपरीवर ऐकली आहे. आपल्या गावाचं नाव इतक्या आर्जवाने घेतलेलं त्याआधी कानावर पडलं नव्हतं.

आजींचं काम त्या दिवशी झालं नाही. दोन कागदांवर नावात एका अक्षराचा फरक निघाला. त्यांना पुन्हा यायचं आहे, त्याच रांगेत. केंद्रावर बसणाऱ्या मुला, तू हे सदर वाचत असशील तर एवढं कर. नाव मनात वाच, अक्षर नीट जुळव आणि 'या आजी, बसा' अशी हाक मार.