आमच्या घरी कुणी उपाशी नाही

आमची मांजर उपाशी नसते. हे वाक्य मी गेली तीन वर्षं कर्जतच्या आमच्या आळीत दारोदार सांगत फिरतो आहे, आणि लोक माझ्याकडे सावत्र पोराला छळणाऱ्या बापाकडे पाहावं तसे पाहतात. त्यांचाही नाइलाज आहे. मी हे सांगत असतो तेव्हा ती माझ्या पायाशी बसून, मान वर करून अशा सुरात ओरडत असते, की तो ऐकून प्रत्यक्ष यमानेही रेडा थांबवावा आणि दोन बोंबील टाकून पुढे जावं.

तिचं नाव मंजुळा. नाव आईने ठेवलं. आवाज ऐकण्याच्या आधी.

मंजुळेचा दिवस असा. पहाटे दूधवाल्याच्या सायकलची घंटा वाजली की पहिली आरोळी. ही दुधासाठी. मग आमचा चहा. त्यात तिला काही नसतं, पण हजेरी असते. मग विळीचा आवाज. विळीवर कारलं चिरा, भेंडी चिरा, नारळ खवा, तिच्या लेखी विळी म्हणजे मासळी. मग डब्याचं झाकण, पातेल्यावरची ताटली, फडताळाची कडी. फ्रीजचं दार तर घरात कुणाच्याही आधी तिला ऐकू येतं. जपानात २०१९ साली संशोधकांनी सिद्ध केलं, की मांजराला स्वतःचं नाव इतर शब्दांतून ओळखता येतं. येत असेल. आमच्या मांजराला मात्र 'मंजुळा' म्हणून हाक मारली तर कान हलतो, आणि 'सुकट' म्हटलं तर अख्खी मांजर हलते.

आता चालीचं सांगतो. कर्जत स्टेशन ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे चटकन कळेल. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढवायला इथे मागून इंजिनं लावतात. सदतिसाला एक असा तो चढ. तेवढ्यात उतारू खाली उतरून वडे घेतात. मंजुळा हे काम घरात बिनपगारी करते. तुम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसलेले असा, उठलात की ती मागे लागलीच. पोटरीला डोकं टेकवून ती असा काही जोर लावते, की माणूस न्हाणीघराकडे निघालेला असला तरी पोचतो स्वयंपाकघरात. फरक एवढाच, की घाटात वर पोचल्यावर मागची इंजिनं सुटी होतात. ही होत नाही.

माझं भांडण खरं म्हणजे मांजराशी नाही. ती तिचा धंदा करते. माझं भांडण आहे तिच्या वकिलांशी, म्हणजे "बिचारीला भूक लागलीय हो" असं म्हणत बशी पुढे सारणाऱ्या समस्त दयाळू मंडळींशी. आणि त्यांच्या आधी, मांजराला मानी ठरवणाऱ्या लेखकमंडळींशी. कुत्रा लाचार, शेपूट हलवणारा. मांजर स्वतंत्र, स्वाभिमानी, कुणाची मिंधी नाही, असं आपण लहानपणापासून वाचत आलो. हे लिहिणाऱ्यांनी मांजर लांबून, बहुधा दुसऱ्याच्या कंपाउंडवर बसलेली पाहिली असावी. घरात, जेवणाच्या वेळी, ताटापासून एक वीत अंतरावर पाहिली असती, तर स्वाभिमान हा शब्द त्यांनी निदान त्या पानावर तरी वापरला नसता. आमच्या दारचा कुत्रा दिवसातून एकदा भाकरीसाठी शेपूट हलवतो आणि खाऊन झाल्यावर दोन तास गेटाशी पडून चोरांवर भुंकतो. त्याला मी लाचार म्हणणार नाही. तो रोजंदारीवर आहे.

तुम्ही म्हणाल, पण ती गुरगुरते किती प्रेमाने! इथेच तर मेख आहे. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठात कॅरन मॅकोम्ब नावाच्या बाई आहेत. त्यांना त्यांचं मांजर रोज सकाळी असंच गुरगुरून उठवायचं. बाई आमच्यासारख्या नुसत्या वैतागून बसल्या नाहीत. त्यांनी त्या गुरगुरण्याचं ध्वनिमुद्रण केलं आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. मांजर खायला मागताना जे गुरगुरते, त्या खालच्या सुरात एक बारीक उंच सूर मिसळलेला असतो, आणि त्याची पट्टी तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या पट्टीच्या जवळ जाते. आयुष्यात मांजर न पाळलेल्या माणसांनाही ते दुसऱ्या गुरगुरण्यापेक्षा जास्त तातडीचं वाटलं. म्हणजे पाहा, वर तंबोरा आणि आत भोंगा. आणि मोठी झालेली मांजरं एकमेकांशी बोलताना म्याव फारसं करतच नाहीत. ती भाषा त्यांनी मुख्यतः माणसांसाठी राखून ठेवली आहे. आपण आपल्या साहेबाशी बोलताना वेगळा आवाज काढतो ना, तसं.

एक गोष्ट मात्र तिच्या बाजूने सांगितली पाहिजे. मांजराचं पोट पंगतीसाठी बनलेलं नाही. रानात ती दिवसाला सात-आठ उंदीर, थोडे थोडे करून, दिवसभर मारून खाईल. चार किलोच्या मांजराला तेवढे पुरतात. तेव्हा थोड्या थोड्या वेळाने काहीतरी तोंडात टाकावंसं वाटणं हा तिचा स्वभाव आहे. पण त्या सात-आठ उंदरांमागे धावणंही आहे. आमच्याकडे उंदीर भरपूर आहेत. कर्जत हा भाताचा मुलूख. इथल्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जातींना 'कर्जत'चंच नाव आहे. आमच्या माळ्यावर वर्षाचे तांदूळ असतात आणि त्या तांदळावर जगणारं एक सुखी उंदीर कुटुंबही असतं. मंजुळा त्या कुटुंबाला ओळखते. परवा एक उंदीर तिच्या बशीच्या बाजूने गेला, तेव्हा तिने त्याला वाट करून दिली.

म्हणून मागच्या दिवाळीनंतर मी तिला खालापूर तालुक्यात, महडच्या बाजूला, चुलतबहिणीकडे पंधरा दिवस पाठवायचं ठरवलं. तिथे झोडणी चालू, खळ्यावर उंदीर, घरात शिस्त. दोन वेळा भात-मासळी, बाकी स्वतःचं स्वतः बघ. पिशवीत घातली आणि खोपोली गाडीत बसलो. मधली स्टेशनं चारच. पण ती चार स्टेशनं मी विसरणार नाही. पळसदरी यायच्या आत पिशवीतून सूर लागला. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "पोर आहे का काय आत?" मी म्हटलं, मांजर. "मग भुकेली असेल ती!" त्यांनी वड्याचं वरचं आवरण काढून दिलं. मी म्हटलं, अहो, त्यात कांदा-लसूण असतं, मांजराला ते विष आहे, रक्त नासतं. खरंच आहे ते, कुठल्याही डॉक्टरला विचारा. गृहस्थ म्हणाले, "आवरणात कसला आलाय कांदा!" केळवलीला एका बाईंनी पाटीतला सुका बोंबील काढला. डोलवलीला शाळेच्या पोरांनी बिस्किटं. लौजीला एक आजोबा नुसतेच माझ्याकडे बघून म्हणाले, "पाळायचं तर नीट पाळावं माणसाने." खोपोली आली तेव्हा तिची न्याहारी, जेवण आणि मधलं खाणं झालेलं होतं, आणि डब्यातल्या वीस माणसांच्या मनात माझ्याविषयी पक्कं मत झालेलं होतं.

महडला चौथ्या दिवशी बहिणीचा फोन आला. "दादा, ही खळ्यावर जातच नाही रे. वाडीतल्या सात घरी फिरते. सगळ्यांना वाटतं मी हिला काही घालत नाही." आठव्या दिवशी मंजुळा परत आली. वजन पाव किलोने वाढलेलं.

वजनाचा विषय निघालाच आहे, तर तो पुरा करतो, कारण मी एवढं तणतणतो ते हौस म्हणून नाही. जनावरांच्या डॉक्टरांनी तिला काट्यावर ठेवली: सहा किलो दोनशे ग्रॅम. असायला हवी चार. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर मधुमेह होईल, रोज सुई टोचावी लागेल. गुडघे आत्ताच बोलायला लागलेत. मी विचारलं, दोन दिवस उपास घडवू का? ते जवळजवळ ओरडलेच. लठ्ठ मांजर एकदम उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते आणि त्यातच ती जाते. कमी करायचं ते मोजून, हळूहळू. आणि दूध बंद. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही. 'मांजर आणि दूध' ही जोडी बालभारतीपासून आपल्या डोक्यात बसली आहे, ती मांजराच्या पोटाला विचारून कुणी बसवलेली नाही.

आपल्याकडे मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं म्हणतात. माझा दयाळू मंडळींना साधा प्रश्न आहे: काठीने मारलं तर सोन्याचं मांजर, आणि सायीने मारलं तर काहीच नाही, असं कुठल्या पोथीत लिहिलंय?

हा प्रश्न शेजारच्या वहिनींना विचारता येतो, निवृत्त गार्डसाहेबांना विचारता येतो. घरात विचारता येत नाही, कारण घरातली मुख्य दयाळू व्यक्ती म्हणजे माझी आई. वय शहाऐंशी. हल्ली तिला सकाळचं दुपारी आठवत नाही. मंजुळेला खाऊ घातलं हे तर पाच मिनिटांतही आठवत नाही, आणि मंजुळेला ते बरोबर ठाऊक आहे. एकदा मी मोजलं: न्याहारीपासून जेवणापर्यंत नऊ वेळा. प्रत्येक वेळी आई त्याच काळजीने उठली, भिंतीला धरून आत गेली, आणि "आज सकाळपासून काही नाही गं तुझ्या पोटात" म्हणत बशी भरली. मी बोललो, तर म्हणाली, "तू नको सांगू मला भूक. बहात्तर साली रेशनच्या रांगेत तुला कडेवर घेऊन मी उभी होते. लाल मिलोची भाकरी बघून तू रडायचास. तेव्हा काही नव्हतं द्यायला. आता आहे."

यावर ससेक्स विद्यापीठाचं काही चालत नाही.

बायकोने तोडगा काढला. सकाळी मंजुळेचं दिवसभराचं खाणं काट्यावर मोजून एका पितळी डब्यात भरायचं आणि तो डबा आईच्या उशाशी ठेवायचा. द्यायचं ते त्यातूनच, पण नऊ वेळा द्या की एकोणीस वेळा. एका वेळी चिमूटभर. आईचं उठणं चालू राहिलं. डॉक्टर म्हणतात तेही तिच्या गुडघ्यांना बरंच आहे. मंजुळेलाही, तिच्या स्वभावाप्रमाणे, उंदराउंदराने खाल्ल्यासारखं झालं. तीन महिन्यांत चारशे ग्रॅम उतरली. परवा तर ती ओसरीवरून माळ्यापर्यंत एका दमात चढली. उंदरांना भेटायलाच गेली असेल, पण चढली.

डबा दुपारी चारला रिकामा होतो. चार वाजून पाच मिनिटांनी ती वहिनींच्या मोरीच्या खिडकीत बसलेली असते, पाच वाजता गार्डसाहेबांच्या ओट्यावर, आणि दिवेलागणीला कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या गल्ल्याशेजारी. चारही ठिकाणी तिचं नाव वेगळं आहे. किराणावाला तिला लक्ष्मी म्हणतो आणि रोज तूप लावलेलं खारीचं टोक देतो. त्या पितळी डब्याचा हिशेब आम्ही ग्रॅममध्ये ठेवायचा आणि आळीने तो खारीने पुसायचा, हे चालायचं नाही. तेव्हा हे छापलेलं वाचून तरी ऐका: चारनंतर आमच्या मांजराला कुणीही, काहीही घालू नये. फारच कळवळा आला तर आमच्याकडे यावं. आई उशाशी डबा घेऊन बसलेली असते. तिच्याशी अर्धा तास बोलावं, चहा मिळेल.

खारी सोबत आणू नये.