आमच्या घरात मालिशवाला?



गणपतीत आम्ही सगळे आकुर्डीला धाकट्या भावाकडे जमलो होतो. हे दरवर्षीचंच. आरती, मोदक, दुपारची वामकुक्षी, मग चहाबरोबर कुणाचं लग्न जमत नाही आणि कुणी फ्लॅट कुठे घेतला याची उजळणी. यंदा चहाच्या वेळी भावाच्या नातवाने सांगून टाकलं, की तो आता चाकणला कामाला जाणार नाही. त्याला मालिश शिकायचंय. नीट, वर्षभर, पुण्याला जाऊन.

मिनिटभर कुणी बोललंच नाही. मग कुणीतरी 'प्यासा'तल्या जॉनी वॉकरची नक्कल केली आणि सगळे हसले. मीही हसले. हे आधीच कबूल करते, कारण पुढचं वाचून "तेव्हा तर तूही हसत होतीस" असं म्हणणारे आपल्यात आहेत.

हा मुलगा तेवीस वर्षांचा. आयटीआयला फिटर केलं आणि चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर लागला. तीन पाळ्या, तळेगाव चौकातली गाड्यांची कोंडी, घरी आला की जेवताना डोळे मिटायचे. दोन वर्षं झाल्यावर कंत्राट संपलं, "पुढे बघू" म्हणाले, आणि ते पुढे काही आलं नाही. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या भावाला पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. घरी रिकामा तोच, म्हणून आजोबांचं सगळं त्याच्याकडे आलं.

फिजिओथेरपी करणारी एक मुलगी दोन महिने घरी येत होती. ती याला शिकवत गेली. आजोबांना उठवताना त्या लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा सांध्यातून खाली सरकतो. हात उचलताना एक तळवा खांद्याखाली हवा. बोटं आखडली असतील तर झटका द्यायचा नाही, हळूहळू उघडायची. मालिशने पक्षाघात बरा होत नाही, हेही तिनेच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं. मला हे फार आवडलं. व्यायाम तो व्यायाम आणि मालिश ती मालिश. मालिशने आखडलेलं अंग थोडं सैल पडतं, माणसाला झोप लागते, आणि दिवसातून एकदा कुणीतरी आपल्याला मायेने हात लावलाय एवढं त्याला कळतं. जाताना ती म्हणाली, "तुझा हात चांगला आहे रे, नीट शिकून घे." तिथून हे खूळ डोक्यात शिरलं.

घरातल्यांच्या मते हे खूळच. भाचा म्हणाला, "आत्या, आयटीआय केलं ते लोकांचे पाय चेपायला?" भाचेसून बोलली नाही, पण स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "याच्या लग्नाचं कसं व्हायचं हो?"

मी चिंचवडगावात घरी आले आणि रात्री झोप लागेना. मला १९७८ साल आठवत होतं.

त्या वर्षी माझी दुसरी खेप. सासूबाईंनी बाळाला आणि मला तेल लावायला एक बाई ठेवली होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. सकाळी सात वाजता यायची. खोबरेल कोमट करून घ्यायची, पाटावर बसून पाय पसरायची, बाळाला पायांवर घ्यायची. डाळीचं पीठ आणि साय लावून अंघोळ, मग ओवा-वावडिंगाची धुरी. त्यानंतर माझी पाळी. तिच्या हाताला वजन होतं पण दुखायचं कधी नाही. कंबरेला नेमकी कळ कुठे आहे हे मी न सांगता तिचा अंगठा तिथे जायचा.

दहाव्या की अकराव्या दिवशी माझी डावी पोटरी दुखत होती. मी म्हटलं, मावशी, आज इथे जरा जोर लावा. तिने हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. दुसऱ्या पायावर ठेवला. परत डाव्या पायाजवळ नेला, पण टेकवला नाही. "हा पाय गरम आहे. फुगलाय पण. याला मी हात लावणार नाही. आजच्या आज डॉक्टरला दाखवा." सासूबाई चिडल्या. कामचुकारपणा वाटला त्यांना. ती म्हणाली, "पैसे कापा, पण हा पाय मी चोळणार नाही."

शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. बाळंतपणानंतर हे होऊ शकतं. चोळलं असतं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती होती, असं डॉक्टर म्हणाले. मी दवाखान्यात राहिले, रक्त पातळ करणारी औषधं घेतली आणि वाचले. नंतर मी तिला विचारलं, तुम्हाला कसं कळलं? तर तिच्या सासूने शिकवलं होतं. पहिली दोन वर्षं सासू तिला नुसतं बरोबर न्यायची आणि तेल गरम करायला लावायची, बाळंतिणीच्या अंगाला हात लावू द्यायची नाही. बघ, म्हणायची.

आता लिहायला जड जातंय ते. या बाईला आमच्या घरात चहा मिळायचा तो मागच्या दारी, वेगळ्या कपात. तो कप खिडकीच्या कठड्यावर उपडा असायचा आणि तो तिचा तिनेच विसळायचा. तिची जात आमच्या घराला चालत नव्हती. माझ्या अंगाला, माझ्या दहा दिवसांच्या बाळाला तिचा हात चालत होता, कपाला चालत नव्हता. मी बी. ए. झालेली, शाळेत मुलांना समतेवर निबंध लिहायला लावणारी. तिने माझा पाय, कदाचित जीवही वाचवला, त्यानंतर आम्ही तिला साडी दिली. कप तोच राहिला. मी एक अक्षर बोलले नाही.

म्हणून त्या दुपारच्या हसण्याबद्दल मला लिहायचं आहे. भाचा म्हणतो ते "पाय चेपणं" इतकं का झोंबतं? काम कष्टाचं म्हणून नाही. फिटरचं काम कमी कष्टाचं नाही. ज्या हातांनी ते आजवर केलं त्यांना आपण दाराबाहेर ठेवलं म्हणून झोंबतं. आणि माझं म्हणणं असं, की याचा तोटा आपल्यालाच झाला. ते हात खालचे मानले, त्यामुळे ती विद्या कुठे शिकवतात, कोण शिकवतं, परीक्षा कोण घेतं, हे आपण कधी विचारलंच नाही. शाळेत ज्या विषयाला मार्क नाहीत तो विषय कसा शिकवला जातो हे मी छत्तीस वर्षं पाहिलंय!

त्याचा परिणाम बघायला लांब जायला नको. भाच्याशी वाद नको म्हणून मी आधी आमच्याच भागातल्या एका क्लासला फोन केला. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट, फोटोसकट. मी विचारलं, कोणत्या माणसाला मालिश करायची नाही हे किती दिवस शिकवता? बाई म्हणाल्या, "मॅडम, त्याची गरज पडत नाही, आपल्याकडे सगळे हेल्दी क्लाएंट येतात." मी आभार मानून फोन ठेवला. ताप असताना, कातडीला संसर्ग असताना, मोडलेल्या हाडावर, नुकत्याच झालेल्या ऑपरेशनच्या जागी, सुजलेल्या गरम पोटरीवर हात चालवायचा नाही. म्हाताऱ्या माणसाची मान करकर वाजवायची नाही. या गोष्टी पंधरा दिवसांत पाठ होतील, पण हाताला कळणार नाहीत.

आमचा मुलगा मात्र त्या क्लासला जाणार नाही. त्याने स्वतःच शोधून काढलं होतं ते पुण्यातल्या ताडीवाला रस्त्यावरच्या बापू भवनातल्या राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्थेचं. मला नाव ऐकून आश्चर्य वाटलं, कारण ही जागा आपल्या पिढीला माहीत असायला हवी. डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र इथे होतं आणि गांधीजी इथे अनेकदा मुक्कामाला असत. पुढे केंद्र सरकारने डिसेंबर १९८६ मध्ये तिथे राष्ट्रीय संस्था सुरू केली, ती आता आयुष मंत्रालयाकडे आहे. या संस्थेने उपचार सहायकांसाठी वर्षभराचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालवला आहे, विद्यावेतनासह. मालिश, मातीचे लेप, वाफ, कटिस्नान, पट्ट्या, असं हाताने करायचं सगळं काम त्यात येतं. उपचार काय द्यायचा ते डॉक्टर ठरवणार, हात यांचे.

निसर्गोपचाराची सगळीच मतं मला पटतात असं नाही. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या मी मातीच्या पट्टीसाठी सोडणार नाही, हे त्यालाही सांगितलंय. पण शिस्त कशी असते ते मी पाहिलेलं आहे. निवृत्तीनंतर मी उरळीकांचनच्या आश्रमात दहा दिवस राहिले होते. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी तिथे आले, आठवडाभर गावातल्या लोकांवर उपचार केले, आणि मागे मणिभाई देसाई राहिले ते कायमचे. तिथे मला मालिश करणारी मुलगी माझ्या नातीच्या वयाची होती. आधी माझा कागद वाचायची. रोज विचारायची, रात्री झोप लागली का, कुठे दुखतंय का. बायकांना बायकाच, पुरुषांना पुरुष. अंगावर चादर, जेवढा भाग चोळायचा तेवढाच उघडा. तिच्यासमोर मला एकदाही अवघडल्यासारखं झालं नाही. माझ्या वयाच्या बायकांना हे केवढं मोठं वाटतं ते सांगायला नको.

जपानचं उदाहरण मी भाच्याला फोनवर दिलं. तिकडे मालिश आणि शिआत्सु करणाऱ्याला किमान तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते, तेव्हा परवाना मिळतो. दृष्टिहीन माणसांसाठी तर तिथे हा शतकानुशतकांचा प्रतिष्ठेचा व्यवसाय. आणि आपल्याकडची चंपी? पाटण्यात जन्मलेल्या दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती इंग्लंडात ब्रायटनला नेली आणि तिथल्या राजाच्या पदरी मानाचं पद मिळवलं. इंग्रजीतला शाम्पू हा शब्द या आपल्या चंपीवरूनच गेलाय. भाचा म्हणाला, "आत्या, तो राजा होता, इथे काळेवाडीतलं गिऱ्हाईक आहे." आता याला काय उत्तर देणार! :)

त्याचा दुसरा प्रश्न मात्र खरा होता. मग फिजिओथेरपिस्टच का होऊ नये? त्यासाठी बारावी सायन्स लागते आणि पुढे साडेचार-पाच वर्षांची पदवी. त्यांच्यासाठी २०२१ चा केंद्राचा कायदाही आहे. आमच्या मुलाची ती वाट दहावीनंतरच बंद झाली, आणि ती बंद झाली तेव्हा आपण सगळे "आयटीआय कर, चाकणला लगेच लागशील" असंच म्हणत होतो. मीही. त्यामुळे त्याने वर्षभर शिकून स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घ्यायचं नाही, ही अट मी त्याला घातली आहे. "आत्याआजी, पाटीवर 'मालिश' असंच लिहीन," म्हणाला.

राहिला भाचेसुनेचा प्रश्न. स्पा आणि मसाज सेंटरवरच्या पोलिसांच्या धाडी आपण पेपरात वाचतो. मुलीकडच्यांना "मुलगा मालिश करतो" असं सांगितल्यावर त्यांच्या डोक्यात तेच येणार. तिची काळजी खोटी नाही आणि मी तिला खोटा धीर देणार नाही. एखाद-दोन स्थळं जातील. पैसेही सुरुवातीला चाकणला हातात पडायचे त्याहून कमीच असतील. पण चाकणच्या कंत्राटावर तरी कुठे स्थळांची रांग लागली होती? भोवती बघा. या पट्ट्यात कंबर, मान, खांदे धरलेली तरुण मुलं किती आहेत, आणि मुलं परदेशी गेल्यावर एकेकटे राहिलेले आमच्यासारखे किती. यांना हात लावायला शहाणा, शिकलेला माणूस लागणार आहे. तो आपल्या घरातला नको, एवढंच ना आपलं म्हणणं?

परवा आम्ही दोघं जाऊन चौकशी करून येणार आहोत. पिंपरीहून मेट्रोने सिव्हिल कोर्ट, तिथे बदलून पुणे स्टेशन. माझे गुडघे तेवढं चालतील. मी एक वही घेतलीय आणि प्रश्न लिहून काढलेत: प्रात्यक्षिक किती तास, परीक्षेला बाहेरचा परीक्षक असतो का, आणि कुणाला मालिश करायची नाही हे कधी शिकवतात. प्रवेश मिळाला तर वर्षभराचा जाण्यायेण्याचा खर्च मी करणार. भाच्याला हे इथेच कळतंय, त्याबद्दल क्षमस्व. रविवारी आकुर्डीला येतेच आहे, काय रागवायचं ते तेव्हा रागव.